डावा हात दुखेपर्यंत

धुळे
दि. १९ एप्रिल १९९३

चि. जीवराम यास कुंदाअक्काचा सप्रेम जय भीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र जयंतीच्या आधीच आलं होतं, उत्तराला उशीर झाला. कारण वाचून घाबरू नकोस. तुझ्या दाजींना दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. आता घरी आहेत, समोर बसून मी काय लिहिते ते वाकून बघतायत.

जयंतीच्या तोंडावर प्रेसवर किती काम असतं ते तुला माहीत आहे. हँडबिलं, मिरवणुकीची पत्रकं, त्यात लग्नपत्रिकांचा ढीग. कंपोझिटर निंबा आजारी, म्हणून हे स्वतःच अक्षरांचे खिळे जुळवत होते आणि स्वतःच पायमशीन मारत होते. मी टेबलाशी प्रुफं वाचत होते. मशीनचा आवाज बंद पडला म्हणून मान वर केली, तर हे छाती धरून कागदाच्या गठ्ठ्यावर बसलेले. चेहरा राखेसारखा, बनियन घामाने चिंब. छातीवर कोणीतरी पाटा ठेवलाय, श्वास घेऊ देत नाही, एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले की आपल्या लेकीचं, मित्राचं, शिक्षण थांबवू नकोस.

रिक्षात घालून देवपूरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बघताक्षणी दाखल करून घेतलं, ऑक्सिजन लावला, कार्डिओग्राम काढला. दोन दिवस ठेवून घेतलं, पुन्हा कार्डिओग्राम, रक्त, सगळं तपासलं. शेवटी हृदय ठीक निघालं, पोटातल्या आम्लाने केलेला सगळा प्रताप. डॉक्टर चांगले आहेत. म्हणाले, आलात ते बरोबर केलंत, पुन्हा असं झालं तर पुन्हा असेच या. सासूबाईंनी घरी आल्यावर मिरची ओवाळून टाकली. हे म्हणाले, बाबासाहेबांच्या फोटोसमोर तरी नको. तरी ओवाळलीच.

तू दोन वर्षांपूर्वी मागे लागून जो विमा उतरवायला लावलास, त्याचे कागद सोबत पाठवते. तेव्हा मी कुरकुर केली होती, आज तुझी आठवण काढली. प्रमिला आणि मुलांना जय भीम. तुझा जीव आमच्यावर आहेच, तो असाच राहू दे.

तुझी
कुंदाअक्का


जळगाव
दि. २६ एप्रिल १९९३

ती. अक्का आणि ती. दाजी यांस जीवरामचा सविनय जय भीम. वि. वि.

पत्र वाचून आधी घाबरलो आणि शेवटी हसू आलं. दाजींना सांग, आम्लाने एवढं नाटक करायचं तर जयंती झाल्यावर तरी करायचं. प्रमिला म्हणते की झणझणीत शेवभाजी आणि वर कळण्याची भाकरी खाणाऱ्या माणसाचं पोट किती दिवस गप्प बसणार.

कागद मिळाले. धुळ्याचे विम्याचे दावे आमच्याच ऑफिसात येतात, पण नातेवाइकाचं म्हणून मी त्याला हात लावायचा नाही, असा रिवाज आहे. साहेबांच्या टेबलावर मी स्वतः नेऊन ठेवलं. अगदी सरळ प्रकरण आहे. काळजी करू नये. याच दिवसासाठी हे सगळं असतं.

इकडे ऊन तापलंय, पिंप्राळ्याच्या घरात दुपारी बसवत नाही. सुटीत मित्राला चार दिवस इकडे पाठवा. आपलं दोघांचं प्रेम आम्हा सर्वांवर आहे तसंच असू द्यावं.

आपला
जीवराम


धुळे
दि. ३० जून १९९३

प्रिय जीवराम यास अभिमन बैसाणे याचा सप्रेम जय भीम. वि. वि.

अक्का लिहिणार होती, मी म्हटलं, दुखणं माझं आहे तर पत्रही माझंच जाऊ दे. तुमच्या कंपनीचं उत्तर आलं. इंग्रजीत आहे. मित्रा अमळनेरहून आली होती, तिने मराठी करून सांगितलं. दाखल करण्याइतकी आकस्मिक निकड दिसून येत नाही, रुग्ण केवळ तपासणीसाठी दाखल झालेला दिसतो, सबब दावा नामंजूर. छपाई मात्र सुबक आहे, मी एवढ्या सरळ ओळी बसवू शकलो असतो तर पत्रिकेचा भाव वाढवला असता.

चेष्टा सोडतो. पैशाचं मला फार वाटत नाही, ते प्रेस भरून काढील. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. माझ्या छातीत काय चाललंय ते शोधायला शिकलेल्या डॉक्टरला, त्याच्या यंत्राला आणि रक्ताच्या तपासणीला दोन दिवस लागले. ते मला कागदाच्या गठ्ठ्यावर बसून, त्या घटकेला कळायला हवं होतं असं तुमची कंपनी म्हणते. मी तपासणीला गेलो नव्हतो जीवराम. मी मरायला लागलो म्हणून गेलो होतो. मरत नव्हतो, हे नंतर निघालं. ते नंतरचं ज्ञान आधी कुठून आणायचं?

गल्लीत बातमी पसरली आहे. पेपरवाला जिभाऊ काल विचारत होता की काय दादा, गॅससाठी ऑक्सिजन लावून घेतला म्हणे. मी हसलो. माझी आईसुद्धा आता शेजारणीला सांगताना आवाज बारीक करते. मला स्वतःलाच वाटायला लागलंय की मी भित्रा निघालो.

म्हणून तुला विचारतो, तू त्या ऑफिसात बसतोस. कोणतं दुखणं खरं धरतात आणि कोणतं नाही, ते एकदा नीट विचारून कळव. पुढच्या वेळी मला लाज वाटायला नको. आपल्या दोघांच्या लोभाला कंपनीच्या अटी लागू नाहीत, तेव्हा तो चालू ठेवावा.

तुझा
अभिमन


जळगाव
दि. ९ जुलै १९९३

ती. दाजींस जीवरामचा सविनय जय भीम. वि. वि.

आपलं पत्र वाचून वाईट वाटलं. मी साहेबांशी बोललो. त्यांचं म्हणणं असं, की निर्णय शेवटी निघालेल्या निदानावर करावा लागतो. माणसाला काय वाटलं यावर केला तर जळगाव-धुळ्यातला प्रत्येक ढेकर दाखल होईल. दाजी, मी नात्याने नाही, खुर्चीवरून बोलतोय असं समजा, पण रोज कागद बघताना त्यात तथ्य नाही असं मला म्हणवत नाही.

आमच्याकडे कागद तपासायला एक डॉक्टर येतात. त्यांना चहाच्या वेळी आपलं नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, कार्डिओग्राममध्ये फरक दिसला तर प्रश्नच नाही. तो दिसण्याआधी ओळखायचं तर छातीचं दुखणं डाव्या हातात उतरतं, हात जड होतो, दरदरून घाम फुटतो. मी म्हटलं, घाम तर फुटला होता. तर हसून म्हणाले की एप्रिलच्या दुपारी धुळ्यात कोणाला फुटत नाही. नुसतं छातीत, पोटात जळजळलं, दाबल्यासारखं झालं, तर दहांतले नऊ जण गॅसचे निघतात.

तेव्हा लाज वगैरे काही मनात आणू नका. पुढच्या खेपेला आधी ओवा आणि काळं मीठ घ्या, सोडा प्या, थोडं थांबून बघा. डावा हात दुखायला लागला, तर मात्र क्षणभर थांबू नका. तसा कागद आला तर नामंजूर करायची कोणाची छाती होणार नाही. आणि जिभाऊला सांगा की पुढचा ऑक्सिजन त्यालाच लावू.

अक्काला नमस्कार. मी खुर्चीवरून बोललो म्हणून घरचा जीवराम परका मानू नये, एवढीच विनंती.

आपला
जीवराम


धुळे
दि. २४ ऑक्टोबर १९९३

चि. जीवराम यास अक्काचा जय भीम व आशीर्वाद. वि. वि.

धम्मचक्र दिनाला तू येशील असं वाटलं होतं. हे पत्र यांना न सांगता लिहिते.

तुझ्या पत्राने यांचा राग गेला, ते बरं झालं. पण त्या जागी जे आलंय ते मला आवडत नाही. कागदवाल्याच्या गोदामाचा जिना चढताना हे मधेच थांबतात. विचारलं तर डावा हात पुढे धरतात, मूठ उघडतात, मिटतात, आणि मग हसून म्हणतात की हात शाबूत आहे, चल. परवा जेवताना छातीशी हात गेला. मी दवाखान्याचं नाव काढलं, तर म्हणाले की तुझ्या भावाने सांगितलेलं एकही लक्षण नाही, मग कोणत्या तोंडाने जायचं. हल्ली खिशात ओव्याची पुडी असते.

डॉक्टरांनी एप्रिलमध्ये सांगितलं होतं की पुन्हा झालं तर पुन्हा या. ते यांच्या लक्षात नाही. तुझं आहे. तेव्हा तूच लिही की एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवून या. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. चाळीस वर्षांत तुझ्याकडे मी फार मागितलं नाही, हे एवढं कर. सर्वांना माझी आठवण दे, आणि तुझ्या मनात आम्हाला जागा राहू दे.

तुझी
अक्का


जळगाव
दि. ८ नोव्हेंबर १९९३

ती. अक्कास जीवरामचा सविनय जय भीम. वि. वि.

ऑफिसात हिशेब तपासणारे येऊन बसले होते, म्हणून उत्तराला उशीर झाला. दाजींना वेगळं पत्र टाकलं आहे. नाशिकला पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात, ते करून घ्या म्हणून आग्रहाने लिहिलं. तुला मात्र खरं सांगून ठेवतो. दाखल न होता केलेली तपासणी आपल्या विम्यात बसत नाही. आणि तपासणीसाठी दाखल झालं तर गेल्या वेळचंच उत्तर येईल. ते मनात न धरता जाऊन या, खर्चाचं आपण बघू.

लग्नसराई संपली की जातो असं ते म्हणतील, मला माहीत आहे. तू त्यांना ढकल. तुझा राग माझ्यावर नसावा, आणि असलाच तर मी येईपर्यंत ठेव.

तुझा
जीवराम


धुळे
दि. २ फेब्रुवारी १९९४

जीवराम,

हे गेल्यावर जलदानविधीला तू आलास तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. तू माझ्याशेजारी बसून रडलास, मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. आता घरात मी आणि सासूबाई दोघीच आहोत, म्हणून लिहिते. मित्राला मी परत अमळनेरला शिकायला पाठवलं. तो त्यांचा शब्द होता.

त्या दिवशी सकाळी उठल्यापासून त्यांची दाढ दुखत होती. दाढ म्हणजे नेमकी कोणती ते सांगता येईना, सगळा जबडाच ठणकतो म्हणाले. लवंग धरली. मग पोटाच्या वरच्या भागात कळ आली आणि उलटी झाली. थंडी होती, अंगणात कोवळं ऊन आलं होतं, तिथे खुर्ची टाकून बसले. मी म्हटलं, रिक्षा आणते. म्हणाले, थांब. हात दुखत नाहीये.

मी पुन्हा म्हटलं. तर म्हणाले, देवपूरला गेल्यावर पुन्हा गॅस निघाला तर पुन्हा तेच, पुन्हा गल्लीभर तेच. कुंदा, लोक मला एकदा हसले तेवढं पुरे. ओवा मागितला. मी ओवा दिला. मग डावा हात माझ्यापुढे केला आणि म्हणाले, दाबून बघ. मी खांद्यापासून बोटांपर्यंत दाबत आले. दर वेळी विचारत होते की दुखायला हवं ना. मी विचारत होते, दुखतंय का. ते म्हणत होते, नाही. जीवराम, मी त्यांचा हात दाबत बसले आणि मला बरं वाटत होतं. नाही म्हटलं की मला बरं वाटत होतं.

मग कपाळावर घाम आला. जानेवारीची सकाळ होती, सासूबाई शाल पांघरून बसल्या होत्या. तेव्हा मी कोणाचंच ऐकलं नाही, रस्त्यावर धावले, रिक्षा आणली. पांझरेच्या लहान पुलावर त्यांनी माझ्या खांद्यावर मान टाकली. मला वाटलं, बरं वाटतंय म्हणून टेकली.

देवपूरच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळे बघितले, आणि माझ्याकडे पाहत राहिले. उशिरा का आलात, असं विचारलं. जबड्याचं दुखणं, पोटाची कळ, उलटी, हेसुद्धा हृदयाचंच असतं बाई, म्हणाले. हात दुखायलाच पाहिजे असं तुम्हाला कोणी सांगितलं? सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं.

हात शेवटपर्यंत दुखला नाही.

कुंदा


जळगाव
दि. १४ फेब्रुवारी १९९४

ती. अक्कास सविनय जय भीम. वि. वि.

तुझं पत्र प्रमिलाने आधी वाचलं आणि माझ्यासमोर ठेवून ती उठून गेली.

आमच्या त्या डॉक्टरांना मी या वेळी नाव सांगून सगळं सांगितलं. दाढ, कळ, उलटी, हात न दुखणं. त्यांनी चष्मा काढला, फार वाईट झालं म्हणाले. मी विचारलं, हे कागद आपल्याकडे आले असते तर? ते म्हणाले, यात विचारायचं काय आहे, ही उघड निकड होती, डोळे मिटून मंजूर केलं असतं. मी म्हटलं की तुम्ही मला तर हाताचं सांगितलं होतं. म्हणाले, तुम्ही चहा पिताना विचारलंत, मी चहा पिताना सांगितलं.

एक गोष्ट नाइलाजाने लिहितो, कारण धुळ्याच्या शाखेतून कोणीतरी तुला खोटी आशा दाखवेल. दाजी दाखल होण्याआधीच गेले. त्यामुळे आपल्या विम्यात काहीच बसत नाही.

अक्का, मी डॉक्टर नाही. जे ऐकलं ते लिहिलं, आणि हात दुखला तर क्षणभर थांबू नका असंही लिहिलं होतं. नियम माझे नाहीत. नियमच नसतील तर कोणालाच काही मिळणार नाही, हे मी आजही म्हणतो. पण रोज नामंजुरीचे कागद टाइपला जाताना आता मी नाव वाचतो, गाव वाचतो, आणि तो माणूस सध्या कुठे बसून कोणता हात दाबून बघत असेल, असं मनात येतं. पूर्वी येत नव्हतं.

मी यावं का, ते कळव. तू नको म्हणालीस तर येणार नाही. पण नको म्हणू नकोस.

तुझा
जीवराम


धुळे
दि. २१ मार्च १९९४

चि. जीवराम यास अक्काचा जय भीम. वि. वि.

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही. प्रेस पुन्हा सुरू केली आहे. निंबा खिळे जुळवतो, मशीन मी मारते. सुरुवातीला पोटऱ्या भरून यायच्या, आता येत नाहीत. विम्याचं नूतनीकरण करायचं का म्हणून तुमच्या शाखेतला माणूस येऊन गेला. माझ्या नावाने चालू ठेवता येईल म्हणत होता. मी त्याला पाणी दिलं आणि जायला सांगितलं.

नियमांबद्दल तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. मला त्यात चूक काढता येत नाही आणि ते मान्यही करता येत नाही. पहिल्या वेळी हे दवाखान्यात होते, पण पुरेसे आजारी नव्हते. दुसऱ्या वेळी पुरेसे आजारी होते, पण दवाखान्यात नव्हते. दोन्ही वेळा तुमची कंपनी बरोबर निघाली. अशी बरोबर निघणारी माणसं तुझ्याभोवती बसतात, तूही त्यांत बसतोस. घर चालवायला बसावंच लागतं, हे मला कळतं.

आता कालचं सांगते. दुपारी सासूबाई जेवून उठल्या आणि भिंतीला टेकल्या. पोटात कसंतरी होतंय, घशाशी येतंय म्हणाल्या. मी त्यांना हात दाखवायला सांगितलं नाही. ओवा दिला नाही. मशीन बंद केलं, हाताची शाईसुद्धा न पुसता रिक्षा बोलावली आणि देवपूरला नेलं. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, पोट दाबून बघितलं, हसले आणि म्हणाले की आजी, हरभऱ्याची भाजी जास्त झाली. गोळी दिली, घरी पाठवलं. गल्लीत जिभाऊने विचारलं, काय निघालं. मी रस्त्यात उभं राहून मोठ्याने सांगितलं की गॅस निघाला. तो खाली बघून दुकानात गेला.

पण घरी येताना म्हातारी बोलली, ते तुला कळवायला हे पत्र लिहिते. तिने पूर्ण रस्ताभर माझा हात धरून ठेवला होता. पुलावर आलो तेव्हा तिने अगदी साध्या आवाजात मला विचारलं, मन्हा अभिमनले असं बेगीन काबर नही लई गयी व तू. त्यात ठपका नव्हता, आपल्या लेकाला असं लवकर का नेलं नाही एवढंच तिला विचारायचं होतं. तिला खरंच माहीत नाही. तिला वाटतं की काही कारण असेल आणि मी सांगेन.

निकड म्हणजे काय, ती कोण ठरवतं, जळगावला कोणत्या टेबलावर ठरते, हे ऐंशी वर्षांच्या बाईला तिच्या बोलीत सांगायला मला शब्द सापडले नाहीत.

तू यावं का, असं विचारलं होतंस. ये. जेवायला घालीन, अंथरूण टाकीन, तुझं भाऊपण मी तोडलेलं नाही. पण आधी हातपाय धुऊन तिच्याजवळ बस, आणि तिने विचारलं आहे त्याचं उत्तर तू तिला दे. मी स्वयंपाकघरात असेन, मला ऐकू येईल.

तुझी
अक्का